जुडो, जुजुत्सू की ऐकिदो? तुलना डावांची नव्हे, सरावाची करावी

परभणीहून एका गृहस्थांनी विचारले आहे. वय अडतीस, बँकेत नोकरी, शाळेत असताना गावच्या तालमीत काही वर्षे कुस्ती केलेली. आता छंद म्हणून एखादी जपानी झुंजकला शिकायची आहे. पण जुडो, जुजुत्सू आणि ऐकिदो यांत अस्सल कोणती, उपयोगी कोणती आणि तिन्हींची थोडी थोडी ओळख करून घेऊन मग निवड करता येईल का, हे त्यांना ठरवता येत नाही. जुनी कुस्ती कामी येईल की आड येईल, अकरा वर्षांच्या मुलीलाही सोबत न्यावे का आणि शिकवणारा चांगला आहे हे ओळखावे कसे, असेही त्यांनी विचारले आहे. मी छत्रपती संभाजीनगरात बरीच वर्षे जुडो शिकवतो आणि मधल्या काळात पुण्यात राहून ऐकिदोही केला. हे उत्तर त्या अनुभवावर आधारलेले आहे.

माझे मत आधी सांगतो, कारणे मागाहून येतील. आपण जुडोपासून सुरुवात करावी, निदान दोन वर्षे दुसरीकडे पाहू नये आणि तुलना करायचीच झाली तर डावांची न करता सरावाच्या पद्धतीची करावी. या तिन्ही कलांतले बरेचसे डाव एकाच मुळातून आलेले आहेत. मनगट पिळणे, कोपर उलटे दाबणे, पाय काढून घेणे, कमरेवरून फेकणे हे सगळीकडे या ना त्या रूपात आहेच. ज्याच्यावर डाव करायचा तो माणूस सरावाच्या वेळी कसा वागतो, स्वतःहून पडून देतो की शेवटपर्यंत झुंजतो, यावर मात्र त्या कलेचे गुणही ठरतात आणि उणिवाही. नवशिक्याला हा फरक दिसत नाही, कारण त्याचे लक्ष डावाच्या सफाईवर असते.

मुळात जुजुत्सू ही एक कला नाही. ते अनेक घराण्यांचे सामायिक नाव आहे. त्यांतले सर्वांत जुने मानले जाणारे ताकेनोउची घराणे १५३२ सालचे. सामुराईंच्या त्या काळात ही विद्या शस्त्रांच्या जोडीने शिकवली जाई. अंगावर चिलखत असलेल्या माणसाला खाली पाडून दाबून ठेवणे, त्याचा हत्यारावरचा हात अडकवणे, अशा गरजांतून ती घडली. प्रत्येक घराण्याची शिकवण मुख्यतः काताच्या, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या जोडसरावाच्या रूपाने पुढे गेली. एकाने हल्ला कसा करायचा आणि दुसऱ्याने तो कसा मोडायचा, हे दोघांनाही आधीच ठाऊक असते. सगळे शिक्षण पूर्ण केलेल्या शिष्याला गुरू मेन्क्यो काईदेन ही सनद देत. रंगीत पट्ट्यांची भानगड तेव्हा नव्हती. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मेइजी सम्राटाच्या काळात, सामुराई वर्ग मोडीत निघाला आणि या विद्येची रया गेली. तिचे आखाडे ओस पडत असताना जिगोरो कानो नावाचा विद्यापीठातला एक किरकोळ अंगाचा तरुण गुरू शोधत फिरत होता.

कानो यांचा जन्म १८६० चा. त्यांनी फुकुदा हाचिनोसुके यांच्याकडे तेंजिन शिन्यो घराण्याची विद्या घेतली, जिच्यात आवळणे, सांधे अडकवणे आणि आघात यांवर भर होता. पुढे ईकुबो त्सुनेतोशी यांच्याकडे किटो घराण्यातली फेक शिकली. १८८२ साली तोक्योतल्या एइशोजी या बौद्ध मंदिरात बारा तातामींच्या, म्हणजे बारा जपानी चटयांच्या, जागेत त्यांनी कोदोकान ही जुडोची शाळा सुरू केली. तिथे त्यांनी केलेली गोष्ट वरवर पाहता उणेपणाची वाटते. ज्या डावांनी सांधा निखळेल, बोट मोडेल, डोळ्याला इजा होईल, असे सारे डाव त्यांनी मोकळ्या सरावातून काढून कातापुरते ठेवले. उरलेले डाव मात्र असे निवडले की दोघांनी पूर्ण ताकदीने, एकमेकांना न सांगता, रोज करावेत आणि दुसऱ्या दिवशी दोघांनीही पुन्हा सरावाला यावे. या मोकळ्या झुंजीला रांदोरी म्हणतात. हजार घातक डाव हळुवारपणे करून पाहणाऱ्यापेक्षा मोजके डाव विरोध करणाऱ्या माणसावर रोज आजमावणारा पुढे जातो, हे कानोंनी ओळखले होते. जपानी झुंजकलांची तुलना करताना मी सर्वाधिक वजन याच गोष्टीला देतो.

ही गोष्ट एका डावावरून स्पष्ट करतो. ओसोतो-गारी हा जुडोतला पहिल्या काही महिन्यांत शिकवला जाणारा डाव आहे. माझा उजवा हात समोरच्याच्या कोटाच्या गळपट्टीवर, डावा हात त्याच्या उजव्या बाहीवर. मी डावा पाय त्याच्या उजव्या पायाशेजारी टाकतो, बाही माझ्या कमरेकडे खेचतो, गळपट्टी वर उचलून मागे ढकलतो आणि त्याच्या शरीराचा सगळा भार त्याच्या उजव्या टाचेवर आला की माझ्या उजव्या पायाने तोच पाय मागून काढून घेतो. भार टाचेवर आणण्याच्या या कृतीला कुझुशी म्हणतात. भार आला नसेल तर पाय झाडूनही समोरचा हलत नाही, उलट त्याच डावाने मीच मागे पडतो. हे सगळे उभ्याउभ्या, न हलणाऱ्या जोडीदारावर एका आठवड्यात जमते. रांदोरीत मात्र तो जोडीदार बाही सोडवतो, उजवा पाय मागे नेतो, छाती पुढे करतो, आणि ती टाच जड होण्याचा क्षण अर्ध्या सेकंदापेक्षाही लहान होतो. तो क्षण ओळखायला महिने लागतात, आणि तो ओळखू येईपर्यंत डाव आला असे म्हणता येत नाही. ऐकिदोतल्या इरिमी-नागेतही समोरच्याचा तोल असाच मागे नेऊन त्याला पाडतात. पण तिथे त्याने कसा हल्ला करायचा हे ठरलेले असते आणि पडायचे हेही त्याने मनात धरलेले असते.

म्हणून ऐकिदो खोटा, असे मात्र समजू नये. समाजमाध्यमांवर त्याची जी टिंगल चालते तिच्यात अज्ञानच फार आहे. ऐकिदोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा (१८८३–१९६९) यांना १९१५ साली होक्काइदोत दाइतो या जुजुत्सू घराण्याचे सोकाकु ताकेदा भेटले आणि ऐकिदोतल्या डावांचा मोठा भाग त्यांच्याकडूनच आला. ऐकिदो हे नाव १९४२ मध्ये रूढ झाले. उएशिबांनी स्पर्धा नाकारली, आणि ती जाणीवपूर्वक नाकारली; कलेचा हेतू त्यांना दुसरा दिसत होता. ऐकिदोत शरीराची ठेवण सुधारते, अंतराचे भान येते, अंगावर येणाऱ्या माणसाच्या रेषेतून बाजूला कसे व्हावे हे अंगवळणी पडते, आणि चांगल्या वर्गात पडण्याचे शिक्षण तर जुडोइतकेच कसून होते. पन्नाशीनंतर सुरू करणाऱ्याला मी जुडोऐवजी ऐकिदोच सुचवीन. गुडघे दुखत असतील तर सुवारी-वाझा, म्हणजे गुडघ्यांवर चालत करायचा सराव, टाळण्याची मुभा आहे का, एवढे मात्र आधी विचारून घ्यावे. अडचण येते ती ऐकिदो करणारा स्वतःला झुंजीत तरबेज समजू लागतो तेव्हा. विरोध करणाऱ्या माणसाशी गाठ पडल्यावाचून ते ठरत नाही. ही उणीव ऐकिदोच्या आतल्याच माणसालाही जाणवली होती. केंजी तोमिकी हे कानो आणि उएशिबा या दोघांचेही शिष्य. त्यांनी वासेदा विद्यापीठात ऐकिदोला रांदोरीची जोड दिली. त्यांच्या परंपरेत एकाच्या हाती मऊ नकली सुरी असते आणि दुसरा तिच्यापासून बचाव करत खऱ्या विरोधाविरुद्ध डाव टाकतो. मराठवाड्यात ही परंपरा मी पाहिलेली नाही, तरी तुलना करू इच्छिणाऱ्याला ती ठाऊक असावी.

जुजुत्सूच्या बाबतीत आपल्याकडे एक घोटाळा होतो. तालुक्याच्या गावी ‘जुजुत्सू’ अशी पाटी दिसली तर तिचा जुन्या जपानी घराण्याशी संबंध असण्याची शक्यता फार कमी. बहुतेक ठिकाणी कराटेचे ठोसे, जुडोच्या चार फेका आणि मनगटाचे काही डाव एकत्र करून केलेला तो आधुनिक अभ्यासक्रम असतो. त्यात वाईट काही नाही, पण ‘सामुराईंची पाचशे वर्षांची विद्या’ असे सांगून कोणी जास्तीची फी मागत असेल तर गुरुपरंपरा विचारावी: कोणते घराणे, कोणाकडून शिकलात, सनद कोणाची. खऱ्या घराण्याचा माणूस या प्रश्नांवर चिडत नाही. बहुधा तो नको तितके सविस्तर उत्तर देतो. याच नावाचा तिसरा प्रकार स्पर्धेतला आहे. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धांपासून आपण ज्याला जुजित्सू म्हणून पाहतो त्यातली जमिनीवरची झुंज ब्राझिलियन जुजित्सूच्या अगदी जवळची आहे. आणि ब्राझिलियन जुजित्सू म्हणजे कोदोकानचे मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलला पोहोचल्यावर तिथल्या ग्रेसी कुटुंबात वाढलेले जुडोचेच एक अपत्य. उभ्या फेकींकडे त्यात लक्ष कमी आणि जमिनीवरच्या झुंजीकडे फार. विरोधी जोडीदारासोबतचा सराव मात्र भरपूर. पुण्या-मुंबईत त्याचे वर्ग आहेत. आपल्या दारात असा वर्ग असता तर मी तोही तितक्याच आग्रहाने सुचवला असता.

आता आपल्या कुस्तीबद्दल. कुस्ती कामी येईल, आणि एका बाबतीत आडही येईल. पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ साली राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०१९ साली जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले, त्या मराठवाड्यात कुस्तीचे अंग असलेला माणूस जुडोच्या वर्गात आला की शिकवणाऱ्याला आनंदच होतो. पकडीला घाबरणे नाही, अंगाला अंग भिडले म्हणून संकोच नाही, मानेत आणि कमरेत जोर आहे. धोबीपछाड ज्याला येते त्याला सेओई-नागे, म्हणजे पाठीवर घेऊन खांद्यावरून फेकणे, नव्याने समजावावी लागत नाही, केवळ पकड मनगटावरून बाहीवर न्यावी लागते. आपला कलाजंग म्हणजे तर जवळजवळ काता-गुरुमाच, समोरच्याला खांद्यांवर आडवा उचलून टाकण्याचा डाव. हा डाव कानोंनाही जुजुत्सूच्या घराण्यात मिळाला नव्हता. तालमीतला एक धिप्पाड सहाध्यायी काही केल्या पडत नव्हता, तेव्हा ग्रंथालयात शोधाशोध करून पाश्चात्त्य कुस्तीवरच्या पुस्तकातून त्यांनी तो उचलला आणि त्याला पाडले. अस्सलपणाची फार काळजी करणाऱ्यांनी ही हकिगत लक्षात ठेवावी.

एकेरी पट आणि दुहेरी पट, म्हणजे हाताने एक किंवा दोन्ही पाय धरून पाडणे, मात्र जुडोच्या स्पर्धेत चालत नाहीत. आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१० पासून हाताने पाय धरण्यावर निर्बंध आणले आणि २०१३ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली. जुन्या जुडोत हे डाव होते, कोदोकानच्या यादीत त्यांची नावे आजही आहेत, आणि वर्गात सराव म्हणून ते करायला हरकत नाही. तरीही कुस्तीतून आलेल्याचा हात सवयीने खाली जातोच, आणि स्पर्धेत त्याची शिक्षा मिळते. कुस्तीत कमरेत वाकून उभे राहण्याची सवय असते. कोट घातलेल्या माणसाने तसे केले तर त्याची गळपट्टी मागून धरली जाते आणि तो मान खाली घालून फिरत राहतो. म्हणून ताठ उभे राहणे नव्याने शिकावे लागते. हे सारे दोन-चार महिन्यांत सुटते.

अडचण खरी आहे ती पडण्यात. कुस्तीगिराचे सगळे आयुष्य पाठ मातीला लागू न देण्यात गेलेले असते. हवेत उचलला गेला की तो अंग फिरवतो, पोटावर येऊ पाहतो, हात टेकतो, नाहीतर मानेवर पूल करतो. मातीत, आणि लंगोटावरच्या निसरड्या पकडीत, ते जमून जाते. जुडोत कोट घट्ट धरलेला असतो, फेक वेगाची असते, आणि टेकलेल्या त्या एका हातावर दोघांचे वजन येते. कोपर किंवा मनगट जायचे ते तिथेच. म्हणून कुस्तीतून आलेल्यांना मी पहिले काही आठवडे इतरांहून जास्त काळ उकेमी, म्हणजे पडण्याचा सराव, करायला लावतो. त्यांना त्याचा राग येतो, आणि तो साहजिकच आहे. मागे पडताना हनुवटी छातीला चिकटवावी, नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर ठेवावी, पाठ गोल करावी आणि पाठ टेकते त्याच क्षणी दोन्ही हात कोपरापासून तळव्यापर्यंत सपाट गादीवर आपटावेत. हात अंगापासून हातभरच दूर असावेत, खांद्याच्या रेषेत पसरू नयेत. श्वास सोडावा. डोके गादीला लागता कामा नये. आधी बसून, मग उकिडवे, मग उभ्याने आणि शेवटी जोडीदाराच्या हातून, अशी पायरी असते. एखाद्या वर्गात पहिल्याच दिवशी नवशिक्यांना फेकताना दिसले तर तिथून परत यावे.

हा अतिरेकी सावधपणा नाही. जपानच्या शाळांमध्ये १९८३ पासूनच्या सुमारे तीन दशकांत जुडोच्या सरावात शंभराहून अधिक मुले दगावली, आणि त्यांत डोक्याला मार लागलेले नवशिके विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. वर वर्णन केलेली ओसोतो-गारी यात वारंवार आढळली, कारण तिच्यात डोके मागच्या मागे आपटते. हे उघडकीला आल्यावर तिथे शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे नव्याने लक्ष दिले गेले. कला चुकीची नव्हती. पडणे शिकवण्याआधी फेकणे सुरू होत होते.

वर्ग पारखायचा असेल तर प्रवेश घेण्याआधी एक संध्याकाळ बाजूला बसून पाहावे. प्रथम गादी पाहावी. जुडोच्या गाद्या साधारण चार सेंटिमीटर जाडीच्या, दाबून भरलेल्या आणि वरून खरखरीत असतात. कराटे-तायक्वांदोसाठीच्या कोड्यासारख्या जोडायच्या पातळ फोमच्या चटयांवर फेका शिकवत असतील तर गुडघा टेकवून वजन द्यावे, खालची फरशी लागली तर प्रश्न मिटला. गाद्यांच्या मधल्या फटीत पायाची बोटे अडकतात, म्हणून फटी दिसल्या की त्या बुजवायला कोणी उठतो का तेही पाहावे. पुढे रांदोरी बघावी. अनुभवी माणूस नव्या माणसाशी झुंजताना त्याला डाव लावू देतो का, पाडल्यावर त्याची बाही धरून पडणे हलके करतो का, की पट्ट्याचा दरारा दाखवत त्याला लोळवत राहतो? शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांशी झुंजतात का, आणि कधी पडतात का? गळा आवळला गेला किंवा कोपर अडकले की हाताने थाप मारायची आणि त्याच क्षणी सोडायचे, हा नियम तिथे किती काटेकोर आहे? गळ्याच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की माणूस आठ-दहा सेकंदांत शुद्ध हरपू शकतो, तेव्हा या बाबतीत चालढकल करणारा शिक्षक बाकी कितीही गुणी असला तरी नको. भिंतीवरची पदके आणि परदेशी शिक्क्यांची प्रमाणपत्रे याला मी फार महत्त्व देत नाही. शिक्षकाकडे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका असेल तर ते जरूर विचारात घ्यावे. दीड-दोन वर्षांत काळ्या पट्ट्याची हमी आणि प्रत्येक पट्ट्याची वेगळी फी, हे दोन्ही एकत्र आढळले तर मात्र सावध व्हावे. मराठवाड्यात जुडो सुचवण्याचे एक साधे कारण हेही आहे की तो शालेय क्रीडा स्पर्धांत आहे, त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी शिकवणारा मिळतो आणि त्याचे विद्यार्थी इतर जिल्ह्यांच्या विद्यार्थ्यांशी खेळत असल्याने त्याच्या शिकवण्याचे माप वर्षातून एकदा तरी उघड्यावर निघते.

मुलीला जरूर न्यावे. अकरा हे चांगले वय आहे, आणि पडायला मुले मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. लहान गटांत गळा आवळणे आणि सांधे अडकवणे यांना परवानगी नसते. तिचे शिक्षक तो नियम पाळतात ना, हे पाहणे आपले काम. स्त्रियांसाठी कोदोकानने १९२६ सालीच स्वतंत्र विभाग उघडला होता. कानोंचे पहिले गुरू फुकुदा यांची नात केइको फुकुदा त्याच परंपरेत शिकली, नव्वदी उलटल्यावरही शिकवत राहिली आणि २०१३ मध्ये, शंभरीच्या उंबरठ्यावर, तिचे निधन झाले. आपल्याकडे मणिपूरची लिंथोई चनंबम हिने २०२२ साली जागतिक कॅडेट, म्हणजे अठरा वर्षांखालच्यांच्या, जुडो स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. भारताचे त्या पातळीवरचे ते पहिलेच. मुलीला स्पर्धेची आवड लागली तर दहावीचे वाढीव क्रीडा गुण आणि पुढे नोकरीतले खेळाडूंसाठीचे आरक्षण यांचा विषय निघेल. तेव्हा तिची प्रमाणपत्रे मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांचीच असावीत, एवढे आतापासून पाहावे. आपण दोघांनी एकाच वर्गात एकमेकांचे जोडीदार होऊ नये. बाप समोर असला की मूल मोकळेपणी पडत नाही, आणि बापही मोकळेपणी फेकत नाही.

आपल्या हवेविषयी जपानी पुस्तकांत काही लिहिलेले नसते, म्हणून चार शब्द. जुडोचा कोट जाड सुती विणीचा असतो. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या सभागृहात संध्याकाळी सातलाही तो अंगावर ठेवणे जड जाते. त्या दोन महिन्यांत सकाळी सहाचा वर्ग धरावा, किंवा रांदोरीच्या फेऱ्या कमी करून काताकडे वळावे. नागे-नो-काता, म्हणजे फेकींचा काता, यातले पंधरा डाव उजवीकडून आणि डावीकडून नीट करायला उन्हाळा पुरत नाही. उन्हाळ्यातच सुरुवात करणार असाल तर पहिले दोन आठवडे अर्ध्याच जोराने करावे. दुसरा प्रश्न नायट्याचा. घामट कोट न धुता दुसऱ्या दिवशी घालणारा एक माणूस अख्ख्या वर्गाला गजकर्ण लावतो, आणि मग महिनाभर औषधे लावत बसावे लागते. ज्या भागात २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे रोज जाड कोट धुवायला सांगणे सोपे नाही, हे मला कळते. तरी दोन कोट ठेवावेत, घरी आल्यावर लगेच पिळून कडक उन्हात उलटा करून वाळवावा, नखे कापलेली असावीत आणि गादीबाहेर पाऊल टाकताना चप्पल घालावी. पहिला कोट महागडा घेऊ नये; मेरठ किंवा जालंधरहून येणारा साधा कोट नवशिक्याला वर्षभर पुरतो. धुतल्यावर तो आटतो, म्हणून एक माप मोठा घ्यावा.

आपल्या वयाला आठवड्यातून तीन दिवस पुरेत. रोज गेल्याने पहिल्या महिन्यातच खांदा धरतो, आणि कामावरच्या जबाबदाऱ्यांमुळे खंड पडला की मन खचते. अंगातली जुनी कुस्ती वीस-बावीस वर्षांच्या पोरांशी बरोबरी करायला उद्युक्त करील. त्यांच्याशी झुंजावे, पण जोर लावण्याचा हट्ट त्यांच्यासाठी सोडावा. स्पर्धेची हौस असेल तर तिशीपुढच्यांसाठी वयोगटांच्या वेगळ्या स्पर्धा असतात. बहुतेक प्रौढांना त्याची गरज वाटत नाही. स्वसंरक्षणासाठी म्हणून आपण विचारले असते तर उत्तर एका ओळीत संपले असते: पडल्यावर न मोडणे आणि घट्ट धरलेल्या माणसाच्या हातून सुटणे एवढे यातून मिळते, हत्यारापुढे मात्र पळावे.

तुलनेचा आपला मूळ विचार मी मोडीत काढलेला नाही, पुढे ढकलला आहे. दोन वर्षांनी, पडणे अंगात मुरल्यावर आणि एखादा डाव विरोधी जोडीदारावर लागू लागल्यावर, पुण्यातल्या ऐकिदोच्या एखाद्या दोन दिवसांच्या शिबिराला जावे आणि तिथे पांढराच पट्टा बांधावा. कोतेगाएशीने आपले मनगट वळवले जाईल तेव्हा शरीर कुठे जाते याकडे लक्ष द्यावे. ओसोतो-गारीत जी टाच जड होत होती तिच्यावर भार येतो का, पाय कधी हलतो, हात कधी सुटू शकला असता, हे तेव्हा आपल्याला आतून कळेल. आजच गेलात तर शिकवणाऱ्याच्या सफाईखेरीज काही दिसणार नाही. ब्राझिलियन जुजित्सूच्या वर्गात पाहुणा म्हणून जायचे झाले तर तिथे बहुधा गुडघ्यांवर बसून जमिनीवरून सुरुवात करतात आणि पायाचे सांधेही अडकवतात, जे जुडोत निषिद्ध आहे. म्हणून पोहोचल्यावर आपली पार्श्वभूमी सांगून कोणते डाव चालतात हे विचारून घ्यावे. तोपर्यंत परभणीच्या जिल्हा क्रीडा संकुलात जाऊन जुडोचा वर्ग कोणत्या वेळी भरतो याची चौकशी करावी आणि एक संध्याकाळ वही न घेता नुसते बघत बसावे.